जेरी शेवटी चिठ्ठी कुणाला लिहितो? जुन्या कार्टूनमधले युद्धकाळातले विनोद



मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार. सकाळपासून धो धो पाऊस आणि सातवीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. अशा दिवशी नवा धडा घेतला तर सोमवारी तो पुन्हा घ्यावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. मुलांनी एकच धोशा लावला, "बाई, प्रोजेक्टरवर काहीतरी लावा ना." मी टॉम अँड जेरी लावलं. निवडलं असंही नाही, समोर जे आलं ते लावलं. भागाचं नाव होतं 'द यँकी डूडल माऊस'.

तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. तळघरात टॉम आणि जेरीचं रीतसर युद्ध चाललेलं असतं. शेवटी टॉम रॉकेटला बांधलेल्या अवस्थेत आकाशात जातो, रॉकेट फुटतं आणि त्या ठिणग्यांचा अमेरिकेचा झेंडा तयार होतो. जेरी ताठ उभा राहून सलाम ठोकतो. मग पडद्यावर एक कागद येतो, 'आणखी मांजरं पाठवा. सही, लेफ्टनंट जेरी माऊस.'

वर्ग खो खो हसला. पण पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तो हे कुणाला लिहितोय? आणि त्याला अजून मांजरं कशाला हवीत? एकानेच तर जीव नकोसा केलाय."

मला उत्तर आलं नाही. "गंमत आहे गं ती," असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. लहानपणापासून आपणही हसलो त्या जागेवर, पण नेमकं कशाला हसलो? शोधत गेले तेव्हा जे हाती लागलं त्यावर हा लेख आहे. आणि वाटेत माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगणार आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण कार्टून म्हटलं की टीव्ही आणि लहान मुलं असं गणित मांडतो. १९४३ साली अमेरिकेत तसं नव्हतं. ही सात-आठ मिनिटांची कार्टून्स थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवली जात. त्याच पडद्यावर त्याआधी किंवा नंतर युद्धाच्या बातम्यांचा माहितीपट असे. समोर बसलेले बहुतेक लोक मोठे. कुणाचा मुलगा आघाडीवर, कुणी दिवसभर विमानाच्या कारखान्यात काम करून आलेला. अशा माणसाला हसवायचं तर त्याच्या डोक्यात आज जे चाललंय त्यावरच बोलावं लागतं. म्हणून ही कार्टून्स त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रासारखी आहेत. फरक एवढाच, की वर्तमानपत्र रद्दीत गेलं आणि टॉम अँड जेरी आपल्या घरात आलं.

आता तोच भाग पुन्हा पाहू. जेरीच्या बिळावर पाटी आहे 'कॅट रेड शेल्टर'. हवाई हल्ल्याला इंग्रजीत 'एअर रेड' म्हणतात, आणि तेव्हा शहराशहरांत 'एअर रेड शेल्टर' अशा पाट्या लागलेल्या होत्या. इथे बॉम्बऐवजी मांजर. अंड्यांच्या खोक्यावर लिहिलंय 'हेन ग्रेनेड्स', म्हणजे हँड ग्रेनेडच्या जागी कोंबडीचे ग्रेनेड. जेरी चीज किसायच्या किसणीची गाडी करून पळतो, ती सैन्यातली जीप. पिठाचं पोतं सोडून देतो, तो धुराचा पडदा. हे सगळं मुलांना सांगितलं की ती लगेच पुढच्या जागा स्वतःच शोधायला लागतात, अनुभवाची गोष्ट आहे.

पण खरी गंमत त्या चिठ्ठ्यांमध्ये आहे. त्या एक नाही, दोन आहेत. मधे एकदा जेरी टॉमला पाण्यात बुडवतो तेव्हा पहिली चिठ्ठी येते, 'मांजर दिसलं, बुडवलं.' मराठीत यात काहीच मजा नाही. मूळ इंग्रजी वाक्य होतं 'साइटेड सब, सँक सेम', म्हणजे पाणबुडी दिसली, तीच बुडवली. चार शब्द आणि चारही 'स'ने सुरू होणारे. जानेवारी १९४२ मध्ये डोनाल्ड मेसन नावाच्या अमेरिकी नौदलाच्या वैमानिकाने जर्मन पाणबुडीवर हल्ला केल्यावर हा संदेश पाठवला, असं जाहीर झालं. पर्ल हार्बरला जेमतेम दोन महिने होत होते, सगळीकडून वाईटच बातम्या येत होत्या. अशा वेळी हे चार शब्द देशभर लोकांच्या तोंडी झाले. थिएटरातल्या माणसाला 'सब'च्या जागी 'कॅट' ऐकलं की पुढचं सांगावं लागत नव्हतं.

शेवटची चिठ्ठी त्याहून प्रसिद्ध. प्रशांत महासागरात वेक नावाचं छोटंसं बेट आहे. पर्ल हार्बरच्या हल्ल्याबरोबरच जपानने त्यावरही हल्ला केला. तिथल्या मूठभर अमेरिकी मरीन सैनिकांनी दोन आठवडे बेट लढवलं आणि २३ डिसेंबर १९४१ ला ते पडलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर आलं, की तिथल्या सैनिकांना विचारलं, तुम्हाला काय पाठवू? तर त्यांनी कळवलं, 'आणखी जपानी पाठवा.' (मूळ संदेशात जपान्यांसाठी तुच्छतेचा शब्द आहे, तो मी इथे देत नाही.) जेरीची मांजरं आली ती इथून.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं हे उत्तर. जेरी आपल्या मुख्यालयाला लिहितोय, आणि त्याला मांजरं नको आहेत, त्याला छाती पुढे काढायची आहे.

पण इथे गोष्ट संपत नाही. वेक बेटावरच्या मरीन तुकडीचे प्रमुख मेजर डेव्हरो जपानच्या कैदेत होते. १९४५ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी सांगितलं, की असा संदेश मी पाठवलाच नाही. आमच्यासमोर होते तेवढेच आम्हाला जड झाले होते, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. विचार करा, बेट हातचं जातंय, माणसं मरतायत, तिथे कोण लिहील आणखी शत्रू पाठवा म्हणून? आणि ती पाणबुडी? युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा त्या हल्ल्यात कुठलीच पाणबुडी बुडाली नव्हती असं दिसलं. मेसनने पुढे मार्च १९४२ मध्ये एक पाणबुडी खरोखर बुडवली, ती वेगळी.

म्हणजे बघा, एका कार्टूनमधले दोन विनोद, दोन्ही गाजलेल्या संदेशांवर बेतलेले, आणि ज्या रूपात लोकांना ते माहीत होते त्या रूपात दोन्ही खरे नव्हते. आपण इतिहासात मुलांना 'साधने' शिकवतो, लिखित, भौतिक, मौखिक. हे कार्टूनही साधनच. मात्र वेक बेटावर काय घडलं हे ते सांगत नाही. वेक बेटावर काय घडलं असं लोकांना *वाटत होतं*, ते सांगतं. मला तर ही दुसरी गोष्ट वर्गात पहिलीपेक्षा जास्त कामाची वाटते. आजच्या फॉरवर्ड केलेल्या मेसेजांच्या काळात तर फारच.

दुसरा एक भाग घ्या. वॉर्नर ब्रदर्सचं 'फॉलिंग हेअर', हेही १९४३ चंच. बग्ज बनी विमानतळावर बसून पुस्तक वाचतोय आणि एक ग्रेमलिन त्याला सळो की पळो करून सोडतो. ग्रेमलिन म्हणजे विमानाच्या यंत्रात खोड्या काढणारं बुटकं भूत, ब्रिटिश वैमानिकांच्या गप्पांतून आलेलं. यंत्र का बिघडलं ते कळलं नाही की नाव ग्रेमलिनचं. आपल्याकडे गॅरेजवाले म्हणतात ना, "गाडीला कुणाची तरी नजर लागली," तसंच काहीसं. शेवटी विमान थेट जमिनीकडे झेपावतं, आता चक्काचूर होणार, आणि जमिनीपासून काही फुटांवर ते हवेतच थांबतं! पेट्रोल संपलं. बग्ज प्रेक्षकांकडे पाहून म्हणतो, या 'ए' कार्डांचं कसं असतं तुम्हाला ठाऊकच आहे.

आपल्या मुलांना ठाऊक नसतं. १ डिसेंबर १९४२ पासून अमेरिकाभर पेट्रोलचं रेशनिंग होतं. गाडीच्या काचेवर अक्षराचा स्टिकर लावावा लागे. 'ए' म्हणजे साधा माणूस, ज्याची गाडी युद्धाच्या कामासाठी गरजेची नाही. त्याला आठवड्याला चार गॅलन, म्हणजे साधारण पंधरा लिटर. पुढे काही भागांत तेही कमी झालं. विशेष म्हणजे देशभरच्या या रेशनिंगचं मुख्य कारण पेट्रोलची टंचाई नव्हतंच. टंचाई होती रबराची. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेला लागणारं बहुतेक नैसर्गिक रबर तिथूनच यायचं. टायर वाचवायचे तर गाड्या कमी फिरायला हव्यात, आणि गाड्या कमी फिरवायच्या तर पेट्रोल मोजून द्या. एक ससा, एक विमान, एक स्टिकर, आणि मागे आग्नेय आशियाचा अख्खा नकाशा. भूगोलाच्या शिक्षकांनी हा तास माझ्याकडून मागून घ्यावा.

'हा प्रवास खरंच गरजेचा आहे का?' ही त्या काळातली सरकारी घोषणा होती, स्टेशनांवर पोस्टर लागलेली. ती या कार्टून्समध्ये इतक्या वेळा येते की एखादा धडपडला, आपटला की पाटी हजर. १९४६ च्या 'बेसबॉल बग्ज'मध्येसुद्धा आहे. युद्ध संपलं, रेशनिंग उठलं, पण जीभेवरचं वाक्य काही लगेच उतरत नाही.

इथे आपल्याकडचा धागाही जुळतो. मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं ते १९४३ मध्येच, याच युद्धामुळे. आपल्या घरातलं 'रेशन कार्ड' हा शब्द तिथून आलेला आहे, तो कुणी तरी आज सकाळी निर्माण केलेला नाही, हे मुलांना ऐकून आश्चर्य वाटतं. तसंच ब्लॅकआउटचं. या कार्टून्समध्ये भलत्याच वेळी कुठून तरी आवाज येतो, "ए, तो दिवा बंद कर!" रात्री गस्त घालणारा वॉर्डन ओरडतोय. मी हा प्रसंग सांगून मुलांना घरी विचारायला सांगितलं. सोमवारी चार-पाच जण १९७१ च्या आठवणी घेऊन आले. आजोबांनी खिडकीच्या काचांना काळा कागद कसा चिकटवला, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग कसा दिला. एका मुलाच्या आजीने तर सांगितलं होतं, की बाळाला दूध पाजायला कंदील लावला म्हणून शेजारी भांडायला आले. त्या वर्गाला आता तो वॉर्डनचा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आता हिटलर. वर्गात हा विषय जपून घ्यावा लागतो, कारण मुलांना त्याचा अवतार फक्त गमतीशीर वाटू शकतो. डिस्नेचं 'डेर फ्युरर्स फेस' १ जानेवारी १९४३ ला प्रदर्शित झालं आणि त्याला ऑस्कर मिळालं. डोनाल्ड डक नाझी राज्यात राहतोय. सकाळी उठून तो तिजोरीत लपवलेला कॉफीचा एकच दाणा काढतो, दोऱ्याने पाण्यात बुडवतो आणि पुन्हा जपून ठेवतो. पाव इतका कडक की करवतीने कापावा लागतो. मग कारखाना. पट्ट्यावरून तोफगोळे येतायत, मधूनच हिटलरचा फोटो येतो, प्रत्येक फोटोला सलाम केलाच पाहिजे. शेवटी डोनाल्डला वेड लागतं आणि तो जागा होतो. भिंतीवर हात उंचावलेली सावली दिसते, घाईघाईने तो सलाम करायला जातो, तर ती खिडकीतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या छोट्या पुतळ्याची सावली.

त्या कॉफीच्या दाण्यावर जरा थांबा. हे कार्टून आलं तेव्हा अमेरिकेतही कॉफी रेशनवर होती, नोव्हेंबर १९४२ च्या शेवटापासून. म्हणजे थिएटरातला माणूस 'बघा त्या जर्मनांचे हाल' म्हणून हसत होता, आणि थोडासा स्वतःलाही हसत होता. मला हा त्या कार्टूनमधला सगळ्यात चांगला विनोद वाटतो. त्यात कुणाला खाली पाडलेलं नाही.

आठवी-नववीला मी सांगेन, टेक्स एव्हरीचं 'ब्लिट्झ वुल्फ' घ्या, १९४२ चं. तीन डुकरांची तीच गोष्ट, लांडगा म्हणजे हिटलर. गवताचं आणि काड्यांचं घर बांधणारी दोन डुकरं निवांत आहेत, कारण त्यांनी लांडग्याबरोबर अनाक्रमणाचा करार केलाय! तिसरं डुक्कर तेवढं तटबंदी करतंय. म्युनिकचा करार १९३८ चा, हिटलर आणि स्टालिनचा करार १९३९ चा. ही दोन सालं पाठ करण्यात मुलं किती वेळ घालवतात, आणि त्या डुकरांच्या तोंडचा 'करार' एकदा पाहिला की विसरत नाहीत. (लांडग्याचं चित्र मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत काढू नका असं सांगावं लागतं. एकाने काढलं होतं.)

आणखी एक प्रकार शिक्षकांना विशेष आवडेल. अमेरिकी सैन्याने फक्त सैनिकांसाठी कार्टून्स करवून घेतली, नायक 'प्रायव्हेट स्नाफू'. हे नाव म्हणजे सैनिकी बोलीतल्या एका बऱ्यापैकी शिवराळ वाक्याची आद्याक्षरं. १९४३ ते १९४५ मध्ये वॉर्नरच्या स्टुडिओत ही बनली, लेखकांमध्ये थिओडोर गायझेल होते, म्हणजेच पुढे मुलांचे लाडके डॉ. स्यूस. स्नाफू प्रत्येक गोष्ट चुकीची करतो. मच्छरदाणी लावत नाही, मलेरिया होतो. फोनवर बडबडतो, गुप्त बातमी शत्रूकडे जाते. 'नियम पाळा' असं भाषण न देता नियम न पाळणाऱ्याची फजिती दाखवायची. बालवाडीपासून आपण हेच करतो की.

आता माझी चूक.

'फॉलिंग हेअर' मी वर्गात इंटरनेटवरून लावलं होतं. ते संपत आलं तेव्हा शिपाईमामा निरोप घेऊन आले, ऑफिसमध्ये एका पालकांना भेटायचं होतं. मी पाच मिनिटांसाठी गेले. परत आले तोवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झालेला होता. बग्ज बनीचंच, १९४४ चं, जपानी सैनिकांशी लढणारं. नाव सांगत नाही, नावातच शिवी आहे. त्यातला प्रत्येक जपानी माणूस सारखाच, पुढे आलेले दात, बारीक डोळे, चष्मा, किरकिरा आवाज. पडद्यावर ते चाललंय, आणि मागच्या बाकांवरची तीन-चार मुलं बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून वर्गातल्या एका मुलाकडे बघून त्या आवाजात बोलतायत.

त्या मुलाचे वडील शाळेजवळच्या सोसायटीत वॉचमन आहेत, कुटुंब नेपाळचं. मुलगा इथेच जन्मला, मराठी माझ्याहून चुरचुरीत बोलतो. तोही हसत होता. सगळ्यांबरोबर हसत होता. शिक्षक झाल्यापासून मी बरंच काही पाहिलंय, पण ते हसणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी प्रोजेक्टर बंद केला आणि खरं सांगते, त्या दिवशी मला काय बोलावं तेच सुचलं नाही. रागावले आणि तास संपवला. रागावून काही होत नसतं, ती मुलं वाईट नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते केलं. ऐंशी वर्षांपूर्वी काढलेलं एक चित्र थेट माझ्या वर्गातल्या तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचलं, कारण मधे उभं राहायला मी तिथे नव्हते.

नंतर मी दोन्ही प्रकारची कार्टून्स शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि फरक लख्ख दिसला. हिटलरचं कार्टून *हिटलरचं* आहे. मिशी त्याची, केस त्याचे, आरडाओरडा त्याचा. गोबेल्स गोबेल्ससारखा, गोअरिंग गोअरिंगसारखा. डोनाल्डच्या स्वप्नातला जर्मन कामगार तर स्वतः डोनाल्डच आहे, म्हणजे बिचारा, पिचलेला. जपानच्या बाबतीत मात्र एका पुढाऱ्याची टर उडवून भागलेलं नाही. तिथे चेहराच विनोद आहे. चेहरा विनोद झाला की तो चेहरा असलेला कुणीही विनोद होतो.

आणि तो चेहरा असलेली माणसं तेव्हा अमेरिकेत होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशावरून पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेती सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत राहावं लागलं. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. त्यात शाळकरी मुलं होती, त्यांच्यासाठी छावण्यांत शाळा भरत. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून याबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई दिली. ते कार्टूनही पुढे जपानी वंशाच्या अमेरिकी लोकांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीने विक्रीतून काढून घेतलं. वर ज्या गायझेलचं कौतुक केलं, त्यांनीही युद्धकाळात वर्तमानपत्रात जपानी लोकांची अशीच वाईट चित्रं काढली होती. १९५३ मध्ये ते जपानला जाऊन आले, आणि पुढच्याच वर्षी आलेलं त्यांचं हॉर्टन हत्तीचं पुस्तक त्यांनी क्योटोतल्या एका जपानी मित्राला अर्पण केलं.

फक्त अमेरिकेला दोषी धरून थांबले असते तर तेही अर्धवट झालं असतं. जपानमध्ये मार्च १९४३ मध्ये 'मोमोतारोचे समुद्री गरुड' नावाचा ३७ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट आला. जपानी लोककथेतला मोमोतारो आपल्या माकड, कुत्रा, तितर अशा सोबत्यांना घेऊन राक्षसांच्या बेटावर हल्ला करतो. बेट म्हणजे पर्ल हार्बर. आणि राक्षसांमधला धटिंगण कोण, तर पॉपायमधला ब्लूटो! शत्रूच्या देशातलं कार्टून उचलून शत्रूलाच राक्षस केलेलं. हे ऐकल्यावर माझा वर्ग आधी हसला, मग शांत झाला. एक जण म्हणाला, "बाई, म्हणजे दोघांनी एकमेकांना राक्षसच काढलं."

हे सगळं बोलायला मी दोन आठवड्यांनी पुन्हा एक तास घेतला. त्या मुलाचं नाव घेतलं नाही, त्याला उभं केलं नाही, माफी मागायला लावली नाही. त्याने आणखी अवघडल्यासारखं झालं असतं. ते कार्टूनही पुन्हा लावलं नाही. मी फळ्यावर एका बाजूला 'एका माणसाला हसणे' आणि दुसऱ्या बाजूला 'चेहऱ्याला हसणे' असं लिहिलं आणि मुलांना माहीत असलेले विनोद आठवायला सांगितले, सिनेमातले, मोबाइलवर येणारे, आपल्या गावात चालणारे. सरदारजी आले, मद्रासी आले, भय्या आले, जाडे आले, काळे आले. उजवी बाजू भरून गेली आणि डावीकडे चार-पाचच होते. मी काहीच बोलले नाही, फळाच बोलत होता.

तास संपता संपता त्या मुलाने हात वर केला. "बाई, त्या छावणीतल्या शाळेत पण पावसात पिक्चर लावत असतील का?"

मी म्हटलं, छावण्यांमध्ये सिनेमे दाखवत असत, हो. एवढंच मला सांगता आलं.

पालकहो, घरी दाखवणार असाल तर 'यँकी डूडल माऊस' पाचवीपासून पुढे चालेल. मात्र जुन्या टॉम अँड जेरीच्या भागांत तोंडाजवळ स्फोट झाला की टॉमचा चेहरा काळा करून हसवणं आहे, घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं पात्र आहे, तेव्हा शेजारी बसा. 'फॉलिंग हेअर' आणि डोनाल्डचं स्वप्न सातवीपासून, 'ब्लिट्झ वुल्फ' आठवीपासून. डॅफीचं 'प्लेन डॅफी' मोठ्या मुलांनासुद्धा शेवटापर्यंत दाखवू नका, शेवटच्या विनोदात नाझी पुढारी स्वतःला गोळी घालतात. शिक्षकांनो, आधी स्वतः एकटे बसून पूर्ण पाहा, शक्यतो व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर न्या. इंटरनेटवरूनच लावणार असाल तर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा. आणि ऑफिसमधून बोलावणं आलं तर सांगा, तास संपल्यावर येते.